वाचकांचे प्रश्न : फरशी, ओटा आणि चुनखडकांची वर्गवारी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे चुनखडकाविषयी आहेत. पुणे शहर ज्या खडकावर वसले आहे तो बेसॉल्ट, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचा खडक आहे, आणि समुद्रात साचलेल्या चुनखडकाचा थर शहराच्या आसपास कोठेही उघडा पडलेला नाही. तरीही पुणेकरांच्या पायाखाली, स्वयंपाकघरात आणि जुन्या भिंतींच्या सांध्यांत चुनखडक निरनिराळ्या रूपांत आलेला आहेच. त्याविषयी इतक्या जणांनी मनापासून विचारले याचा आनंद वाटतो, आणि म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : आमच्या वाड्यात शहाबादी फरशी होती, आईच्या स्वयंपाकघरात कडप्प्याचा ओटा आहे आणि नव्या इमारतीच्या जिन्याला कोटा बसवला आहे. हे तिन्ही दगड चुनखडकच आहेत, असे ऐकले. मग ते दिसायला इतके वेगळे का, आणि भूशास्त्रज्ञ त्यांना काय म्हणतात? (एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे)

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. शहाबाद, कडप्पा आणि कोटा ही तिन्ही नावे गावांवरून वा जिल्ह्यांवरून पडलेली व्यापारी नावे आहेत. शहाबादी फरशी कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातून येते आणि तिचे थर भीमा नदीच्या खोऱ्यातील ‘भीमा समूह’ या खडकसमूहात मोडतात. कडप्पा म्हणून बाजारात विकला जाणारा काळा दगड आंध्र प्रदेशातील ताडपत्री, बेतमचेर्ला या परिसरातून येतो आणि त्यातला बहुतांश कर्नूल समूहातील नर्जी चुनखडक असतो. कोटा हा राजस्थानातील विंध्य समूहाचा चुनखडक आहे. समुद्रात कवचधारी प्राण्यांची रेलचेल झाली ती सुमारे ५४ कोटी वर्षांपूर्वी. हे तिन्ही दगड त्याआधीचे आहेत. म्हणूनच शहाबादी फरशीत कितीही शोधले तरी शिंपला सापडणार नाही.

रंगाने फसू नये. चुनखडकाचे मुख्य खनिज म्हणजे कॅल्साइट हे शुद्ध असेल तर पांढरे किंवा रंगहीन असते. लोहाच्या संयुगांचा थोडासा अंश पिवळसर किंवा गुलाबी छटा देतो आणि सेंद्रिय कार्बनाचा बारीक अंश दगड काळा करतो. शहाबादच्या एकाच खाणीत निळसर राखी आणि फिकट पिवळी अशा दोन्ही फरश्या निघू शकतात. त्यामुळे चुनखडकाच्या वर्गीकरणात रंगाला जवळजवळ काहीच स्थान नाही. नोंदवहीत रंग लिहावा, परंतु त्यावरून नाव ठरवू नये.

हे तिन्ही दगड चुनखडक आहेत हे घरीच पडताळता येते. फरशीचा नव्याने फुटलेला लहान तुकडा घ्यावा, चाकूच्या टोकाने ओरखडून थोडी पूड करावी आणि तिच्यावर लिंबाचा रस टाकावा. पुडीत बारीक बुडबुडे उठतात, ते कार्बन डायऑक्साइडचे. चाकूचा ओरखडा उमटतो हीसुद्धा खूण आहे, कारण कॅल्साइटचा कठिणपणा मोह्‌सच्या मापनश्रेणीवर ३ आहे, तर गारगोटीचा ७ असल्याने तिच्यावर चाकू चालत नाही. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबू किंवा चिंचेचे पाणी सांडून राहिले की तेथे जो निस्तेज पांढुरका डाग पडतो, तो डाग नसून दगडाचा पृष्ठभाग आम्लाने विरघळल्याची खूण असते, त्यामुळे घासून तो जात नाही. दगड पुन्हा घोटून घ्यावा लागतो. शौचालयाच्या सफाईचे अ‍ॅसिड शहाबादीवर कधीही वापरू नये, हेही याच कारणाने.

आता नावाकडे वळू. त्याच ताज्या तुकड्याकडे दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिले, तर वाळूसारखा एकही कण दिसत नाही. फुटलेली बाजू गुळगुळीत आणि किंचित वाटोळी असते व तिच्या कडा धारदार असतात. मधूनच एखादी काळपट, करवतीच्या दातांसारखी नागमोडी रेघ आडवी गेलेली आढळते. वरच्या थरांच्या भाराखाली दगड त्या पातळीवर दाबाने विरघळला आणि न विरघळणारी माती तेथे साचून राहिली, तिची ती रेघ; तिला स्टायलोलाइट म्हणतात. कण नाहीत याचा अर्थ मूळ गाळ अत्यंत बारीक होता आणि तो लाटांची उठाठेव नसलेल्या शांत पाण्यात सावकाश बसला. अशा खडकाला डनहॅमच्या पद्धतीत लाइम मडस्टोन आणि फोकच्या पद्धतीत मायक्राइट म्हणतात. या दोन पद्धतींविषयी पुढे विस्ताराने लिहिले आहे. आपल्या घरातील तिन्ही दगड बहुतांशी याच एका वर्गात बसतात. फरशीच्या सरळ लाद्या निघतात, त्याचे श्रेय मात्र थराथरांमधल्या चिकणमातीच्या पातळ पापुद्र्यांना आहे, कारण पाथरवट छिन्नी लावतो ती नेमकी तेथे.

प्रश्न : संगमरवरही चुनखडकच ना? (एक वाचक, बिबवेवाडी, पुणे)

उत्तर : मूळचा चुनखडकच; परंतु जमिनीखालच्या उष्णतेने आणि दाबाने त्यातील कॅल्साइटचे नव्याने स्फटिकीभवन झालेले असते, म्हणून तो रूपांतरित खडकांत गणला जातो. राजस्थानातील मकराण्याचा पांढरा दगड हा खरा संगमरवर आहे. बाजारात मात्र घोटल्यावर चमकणाऱ्या कोणत्याही मऊ दगडाला मार्बल म्हणण्याची पद्धत आहे, आणि त्यांतले कित्येक दगड रूपांतर न झालेले साधे चुनखडक असतात. ताज्या भंगावर साखरेसारखे चकाकणारे, एकमेकांत घट्ट गुंतलेले स्फटिक दिसले तर संगमरवर समजावा.

प्रश्न : आम्हाला अभ्यासक्रमात फोक आणि डनहॅम अशी चुनखडकांची दोन वर्गीकरणे आहेत. परीक्षेसाठी तक्ते पाठ केले आहेत, पण दोन्ही कशासाठी लागतात आणि प्रत्यक्ष खडकासमोर उभे राहिल्यावर कोणते वापरावे, हे समजत नाही. (भूशास्त्राची एक विद्यार्थिनी, कोथरूड, पुणे)

उत्तर : आपला प्रश्न वाचून फार बरे वाटले, कारण हे तक्ते पाठ करून उत्तीर्ण होणारे पुष्कळ असतात, पण तक्ता कोणत्या प्रश्नातून जन्मला हे विचारणारे थोडे.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वालुकाश्मातील वाळू दूरच्या डोंगरातून नदीने आणलेली असते. चुनखडकातील कण मात्र बहुतेक वेळा जेथे साचले तेथेच किंवा जवळपास जन्मलेले असतात. शिंपले, प्रवाळ, सूक्ष्मजीवांची कवचे हे सर्व त्या समुद्राचेच. म्हणून कणाचा आकार एवढ्यावरून चुनखडकाचा अर्थ लागत नाही. १९०४ मध्ये ग्रेबाऊ यांनी कणांच्या आकारमानावरून कॅल्सिरुडाइट, कॅल्करेनाइट आणि कॅल्सिल्युटाइट असे तीन गट केले होते: २ मिलिमीटरपेक्षा मोठे, वाळूएवढे आणि त्याहून बारीक. ही नावे अजूनही कानावर पडतात, परंतु ती खडकाविषयी फार थोडे सांगतात. मोठा शिंपला जोरदार लाटेने आणला म्हणून मोठा नसतो. त्यातला प्राणी मोठा होता म्हणून तो मोठा असतो.

टेक्सास विद्यापीठातील रॉबर्ट फोक यांनी १९५९ मध्ये वेगळा मार्ग धरला. खडकाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा आणि दोन प्रश्न विचारावेत. कण कशाचे आहेत, आणि कणांमधील जागा कशाने भरली आहे? कणांचे त्यांनी चार प्रकार मानले. पहिला, त्याच समुद्रतळावरील अर्धवट घट्ट झालेल्या गाळाचे तुटलेले तुकडे, म्हणजे इंट्राक्लास्ट. दुसरा, ओऑइड, म्हणजे उथळ, सतत हलत्या पाण्यात गडगडत राहिल्याने ज्यांच्यावर चुन्याची पुटे चढली असे गोल कण. बहामा बेटांच्या उथळ समुद्रात ते आजही तयार होत आहेत. तिसरा जीवाश्मांचे तुकडे आणि चौथा पेलेट, म्हणजे बारीक गाळाच्या अंतर्रचनाहीन गोळ्या, ज्यांतल्या अनेक समुद्री प्राण्यांच्या विष्ठेच्या असतात. मधली जागा भरणारे द्रव्य ४ मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक, सूक्ष्मदर्शकाखाली धुरकट दिसणारे असेल तर ते मायक्राइट. स्वच्छ, पारदर्शक, मोठ्या स्फटिकांचे असेल तर तो स्पार, जो पोकळ्यांमध्ये पाण्यातून नंतर साकळलेला असतो. कणाच्या नावाचा पहिला भाग आणि भरणाच्या नावाचा दुसरा भाग जोडला की खडकाचे नाव तयार होते: ओओस्पॅराइट, बायोमायक्राइट, पेलस्पॅराइट. क्रमही ठरलेला आहे. इंट्राक्लास्ट कणांच्या २५ टक्क्यांहून अधिक असतील तर बाकीचे काहीही असले तरी नाव त्यांच्यावरून. ते तेवढे नसतील तर ओऑइडांची २५ टक्क्यांची कसोटी लावायची, आणि तीही लागू पडली नाही तरच जीवाश्म व पेलेट यांचे परस्पर प्रमाण पाहायचे.

रॉबर्ट डनहॅम हे शेल कंपनीच्या संशोधन विभागात काम करत होते. त्यांचे वर्गीकरण १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांनी सगळा भर एकाच मुद्द्यावर ठेवला: कण एकमेकांना टेकून उभे आहेत, की गाळात सुटे तरंगत आहेत? शिऱ्यातल्या मनुका आणि चिक्कीतले दाणे डोळ्यांसमोर आणावेत. मनुका एकमेकांना शिवत नाहीत, त्यांना शिऱ्याने धरून ठेवलेले असते. दाणे मात्र एकमेकांवर टेकलेले असतात आणि गुळाचा पाक उरलेल्या फटींत जातो. गाळ भरपूर आणि कण १० टक्क्यांहून कमी असतील तर मडस्टोन. कण १० टक्क्यांहून जास्त, पण अजून गाळात सुटेच असतील तर वॅकस्टोन. कण एकमेकांना टेकलेले, तरी मधल्या फटींत गाळ आहे, तो पॅकस्टोन. कण टेकलेले आणि गाळ अजिबात नाही, तो ग्रेनस्टोन. प्रवाळांप्रमाणे किंवा सूक्ष्मजीवांच्या चिकट थरांप्रमाणे घटक साचतानाच एकमेकांना बांधले गेले असतील तर बाउंडस्टोन. मूळ जडणघडण ओळखूच येत नसेल, तर तो स्फटिकमय कार्बोनेट. इथे ‘गाळ’ म्हणजे २० मायक्रॉनपेक्षा बारीक द्रव्य. फोक यांची मर्यादा ४ मायक्रॉनची आहे, हा फरक उत्तरपत्रिकेत हमखास निसटतो.

या क्रमात एक सरळ अर्थ आहे. बारीक गाळ शांत पाण्यातच बसतो; लाटा आणि प्रवाह जोरदार असतील तर तो धुऊन जातो आणि कण तेवढे मागे राहतात. म्हणून मडस्टोनकडून ग्रेनस्टोनकडे जाताना पाण्याची हालचाल वाढत गेली, असे सामान्यपणे वाचता येते. फोक यांच्या नावांतही मायक्राइट आणि स्पार हाच संकेत देतात, परंतु कणांची परस्परांवरची मांडणी डनहॅम यांच्या नावातून थेट कळते. तेलकंपनीला ते हवे होते याचे कारण उघड आहे. गाळाने न भरलेल्या फटी म्हणजे तेलाला थांबायला जागा, निदान सुरुवातीला तरी. मुंबई हायचे तेल, जे १९७४ मध्ये सापडले, मुख्यतः मायोसीन काळातील (सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या) चुनखडकाच्या थरांत आहे. त्यामुळे कोणत्या थरात किती सच्छिद्रता आहे आणि ती मूळची आहे की नंतर विरघळून झालेली, हा महाराष्ट्राच्या दारातलाच प्रश्न आहे.

तेव्हा माझा सल्ला असा. दगडासमोर, हातात हातोडा, भिंग आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाची बाटली असताना डनहॅमचे नाव लिहावे आणि त्याला कणाचे विशेषण जोडावे. उदाहरणार्थ, ‘ओऑइडयुक्त ग्रेनस्टोन’ किंवा ‘शंखशिंपल्यांचा वॅकस्टोन’. खडकाचा भंग ओला करून पाहावा, पोत अधिक स्पष्ट दिसतो. प्रयोगशाळेत पातळ काप झाल्यावर फोकचे नावही द्यावे, कारण भरण कशाचे आहे हे तेव्हाच खात्रीने सांगता येते. कण ठळक, २ मिलिमीटरपेक्षा मोठे आणि १० टक्क्यांहून अधिक असतील, तर डनहॅमचे नाव अपुरे पडते. एम्ब्री आणि क्लोव्हन यांनी १९७१ मध्ये कॅनडातील डेव्होनियन काळातील (सुमारे ४२ ते ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या) प्रवाळभित्तींवर काम करताना ही उणीव भरून काढली. मोठे कण गाळात सुटे असतील तर फ्लोटस्टोन, टेकलेले असतील तर रुडस्टोन. बाउंडस्टोनचेही त्यांनी तीन भाग केले: ज्यात जीवांनी प्रत्यक्ष सांगाडा उभारला तो फ्रेमस्टोन, ज्यात त्यांनी गाळ पापुद्र्यांनी बांधून ठेवला तो बाइंडस्टोन, आणि ज्यात उभ्या वाढलेल्या जीवांनी प्रवाह अडवून गाळ खाली बसवला तो बॅफलस्टोन.

नाव म्हणजे निदान नव्हे, हे मात्र कायम लक्षात असू द्यावे. सौराष्ट्रातील मिलिओलाइट चुनखडकाचे उदाहरण घ्या. १८४९ मध्ये एच. जे. कार्टर यांनी त्यातील मिलिओलिड जातीच्या सूक्ष्म कवचांवरून त्याला हे नाव दिले. पोरबंदर दगड म्हणून तो मुंबईला आला आणि एकोणिसाव्या शतकातील अनेक इमारतींच्या कोरीव कामासाठी वापरला गेला. भिंगाखाली त्यात वाळूएवढे गोलसर कण एकमेकांना टेकलेले दिसतात आणि फटींत गाळ नसतो, म्हणजे तो निःसंशय ग्रेनस्टोन. परंतु गाळ लाटांनी धुतला की वाऱ्याने वेचून काढला, हे ग्रेनस्टोन या नावातून कळत नाही. किनाऱ्यालगतचे काही थर समुद्रात साचलेले आहेत, तर चोटिल्यासारख्या किनाऱ्यापासून दूरच्या टेकड्यांवरचे साठे वाऱ्याने उडवून नेलेल्या वाळूचे मानले जातात. तो निर्णय तिरप्या थरांची मांडणी, कणांची प्रतवारी, जमिनीवरच्या गोगलगाईंचे अवशेष अशा इतर पुराव्यांवरून करावा लागतो. आणखी एक फसवणूक उलट दिशेने होते. मऊ पेलेट वरच्या थरांच्या भाराखाली चिरडून एकजीव झाले, तर मुळात कणांचा असलेला गाळ काही कोटी वर्षांनी मडस्टोनसारखा दिसू लागतो. म्हणून ‘शांत पाणी’ असा निष्कर्ष लिहिण्यापूर्वी त्याच थराचे दोन-चार नमुने तपासावेत.

प्रश्न : मी सिमेंट उद्योगात नोकरी केली. आमच्याकडे चुनखडकाचे वर्गीकरण कॅल्शियम ऑक्साइडच्या टक्केवारीवर होत असे. मायक्राइट किंवा ग्रेनस्टोन हे शब्द खाणीवर कधी ऐकले नाहीत. मग खरे वर्गीकरण कोणते? (एक निवृत्त अभियंता, औंध, पुणे)

उत्तर : दोन्ही खरी आहेत, प्रत्येक वर्गीकरण कोणत्या तरी कामासाठी केलेले असते. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट सुमारे ९०० अंश सेल्सिअसला तापवले की वजनाने शंभरातील ५६ भाग चुना, म्हणजेच कॅल्शियम ऑक्साइड, उरतो आणि ४४ भाग कार्बन डायऑक्साइड निघून जातो. भट्टीला त्या ५६ पैकी प्रत्यक्षात किती मिळणार, याच्याशी कर्तव्य असते. चंद्रपूर जिल्ह्यातील गडचांदूर आणि आवारपूर येथील सिमेंट कारखाने ज्या पैनगंगा चुनखडकावर उभे आहेत, तोही शहाबादीसारखाच बारीक पोताचा आणि अतिप्राचीन आहे. त्यातला थोडा चिकणमातीचा अंश सिमेंटला अपायकारक नसतो, उलट सिलिका आणि अ‍ॅल्युमिना हवेच असतात. चर्टच्या, म्हणजे सिलिकेच्या कठीण दगडाच्या, गाठी मात्र दळणाला त्रास देतात, हे आपण अनुभवले असेलच.

आपल्या टक्केवारीच्या तक्त्यात मॅग्नेशियमचा रकाना असे, तेथे मात्र रसायनशास्त्र आणि भूशास्त्र एकमेकांना भेटतात. फ्रेंच भूशास्त्रज्ञ देओदा द दोलोमिए यांनी १७९१ मध्ये वर्णन केलेल्या आणि पुढे त्यांच्याच नावाने ओळखल्या गेलेल्या डोलोमाइट या खनिजात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही असतात. खडकातील कार्बोनेटांत डोलोमाइट १० टक्क्यांहून कमी असेल तर तो साधा चुनखडक, १० ते ५० टक्के असेल तर डोलोमाइटयुक्त चुनखडक, ५० ते ९० असेल तर कॅल्साइटयुक्त डोलोमाइट आणि त्यापुढे डोलोमाइट खडक, अशी भूशास्त्रातही रचनेवर आधारलेली वर्गवारी आहे. सिमेंटमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड ६ टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक सांगते, कारण त्याचे मोकळे स्फटिक पाण्याशी फार सावकाश संयोग पावतात आणि काँक्रीट घट्ट झाल्यावर फुगून त्याला तडे पाडतात.

डोलोमाइट ओळखण्याची खाणीवरची रीत सोपी आहे. सौम्य थंड आम्लाचा थेंब चुनखडकावर लगेच जोरात फसफसतो. डोलोमाइटच्या अखंड भंगावर जवळजवळ काहीच होत नाही, परंतु त्याची पूड केली की हळूहळू बुडबुडे येतात. प्रयोगशाळेत अ‍ॅलिझरिन रेड एस या रंगद्रव्याचे आम्लयुक्त द्रावण पातळ कापावर लावतात. त्यात कॅल्साइट गुलाबी ते लाल होते आणि डोलोमाइट बेरंग राहते, त्यामुळे एकाच खडकातील दोन्हींची सरमिसळ एका दृष्टिक्षेपात कळते.

प्रश्न : वाघोलीच्या बाजूच्या दगडखाणीत काळ्या दगडाच्या पोकळीत पारदर्शक, तिरप्या पैलूंचा स्फटिक मिळाला. लिंबाच्या रसाने बुडबुडे येतात. म्हणजे पुण्यातही चुनखडक आहे का? (एक शाळकरी वाचक, वाघोली, पुणे)

उत्तर : तुला मिळालेला स्फटिक कॅल्साइटचा आहे; परीक्षा अगदी बरोबर केलीस. पण कॅल्साइट हे खनिज आणि चुनखडक हा खडक. लाव्हारस थंड होताना वायूंच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि नंतर त्यांतून झिरपणाऱ्या खनिजयुक्त पाण्यातून तो साकळला. स्टिल्बाइट, अ‍ॅपोफिलाइट या खनिजांबरोबर तो आढळतो. वाघोली तर कॅव्हान्साइट या सुंदर निळ्या खनिजासाठी जगभर प्रसिद्ध आहे. स्फटिक छापील अक्षरांवर ठेवून पाहा, प्रत्येक अक्षर दोनदा दिसेल. एकटा खाणीत जाऊ नकोस.

प्रश्न : शिरूर तालुक्यात आमची शेती आहे. काळ्या मातीखाली हात-दीड हातावर पांढऱ्या कंकरांचा थर लागतो. जुने लोक सांगतात की हेच खडे भाजून वाड्यांसाठी चुना करत. हा चुनखडकाचाच प्रकार आहे का, आणि तो वर्गीकरणात कोठे बसतो? (एक वाचक, हडपसर, पुणे)

उत्तर : होय, हा चुनखडकाच्या कुटुंबातलाच आहे, मात्र त्याचा समुद्राशी काहीही संबंध नाही. भूशास्त्रात त्याला कॅल्क्रीट म्हणतात. लॅम्प्लू यांनी १९०२ मध्ये हे नाव प्रथम वापरले. बेसॉल्ट झिजला की त्यातील फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन या खनिजांतून कॅल्शियम मोकळे होते. पिकांची आणि झाडांची मुळे मातीत कार्बन डायऑक्साइड सोडतात, पावसाच्या पाण्यात तो विरघळतो आणि कॅल्शियम त्या पाण्याबरोबर खाली जाते. पाऊस संपला, माती वाळू लागली की पाणी उडून जाते आणि कॅल्शियम कार्बोनेट मागे राहते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पाऊस इतका असतो की बहुतेक सारे धुऊन निघते. म्हणून मुळशी-मावळात कंकर क्वचित आणि पर्जन्यछायेतल्या शिरूर, दौंड, बारामतीकडे मुबलक, असा फरक पडतो.

एक खडा मधोमध फोडून पाहा. बाहेरून तो ओबडधोबड आणि मातकट दिसतो. आत राखी-पांढरे, दाट, बारीक द्रव्य असते, त्यात काळ्या मातीचे आणि बेसॉल्टचे बारीक कण अडकलेले दिसतात, आणि बहुतेक वेळा मधोमध आकसल्याने पडलेल्या भेगा असतात, ज्यांच्या कडेला स्वच्छ कॅल्साइटचे चमकते स्फटिक वाढलेले असतात. एखाद्या खड्यात केसाएवढी पोकळ नळी सापडली तर ती कुजून गेलेल्या मुळाची जागा समजावी. कण गाळात सुटे आहेत म्हणून याला वॅकस्टोन म्हणावे, असे वाटणे साहजिक आहे, पण तसे करू नये, कारण डनहॅमची नावे साचलेल्या गाळासाठी आहेत आणि हा खडा मातीच्या आतच वाढलेला आहे.

कॅल्क्रीटसाठी वेगळीच पद्धत आहे. गाइल, पीटरसन आणि ग्रॉसमन यांनी १९६६ मध्ये त्याच्या वाढीच्या चार अवस्था मांडल्या. खडकाळ नसलेल्या मातीत पहिल्या अवस्थेत केवळ पांढरे धागे दिसतात, दुसरीत सुटे खडे, तिसरीत खडे एकमेकांना मिळून सलग थर होतो आणि चौथीत त्या थरावर पापुद्र्यांचा घट्ट पाषाण तयार होतो. तुमच्या वर्णनावरून तुमचा थर दुसऱ्या अवस्थेतला दिसतो. विहीर खणताना कुदळीला सलग पांढरा थर लागला तर त्याची खोली आणि जाडी टिपून ठेवावी. असा थर तयार व्हायला अनेक हजार वर्षे लागतात आणि तेवढा काळ ती जमीन फारशी न झिजता स्थिर राहिली होती, एवढे त्यावरून कळते. नदीकाठच्या जुन्या गाळात सापडणारे कंकर मात्र पुराने उचलून आणलेलेही असू शकतात. गोल झिजलेले आणि तिरप्या थरांत मांडलेले असतील तर ते वाहून आलेले आहेत, असे समजावे.

जुन्या लोकांचे म्हणणेही बरोबर आहे. समुद्री चुनखडक जवळ नसल्याने देशावर बांधकामाचा चुना कंकर भाजूनच केला जाई. भट्टीतून काढलेल्या कळ्या विझवून, वाळूबरोबर बैलांच्या घाण्यात मळून तो वापरत. कंकरात चिकणमाती मिसळलेली असल्याने भाजताना तिच्यातील सिलिका आणि अ‍ॅल्युमिना चुन्याशी संयोग पावतात आणि तयार होणारा चुना ओलाव्यातही घट्ट होतो. शुद्ध चुनखडकाच्या चुन्याला त्यासाठी हवेतल्या कार्बन डायऑक्साइडची वाट पाहावी लागते. तुमच्या खड्यांत माती किती आहे हे पाहायचे असेल, तर मूठभर खडे कुटून, वजन करून काचेच्या भांड्यातल्या भरपूर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावेत. बुडबुडे थांबले की व्हिनेगर बदलावे, आणि नव्या व्हिनेगरनेही बुडबुडे येईनासे झाले की तळाशी उरलेला गाळ धुऊन, वाळवून पुन्हा वजन करावे. जे उरले ती माती आणि वाळू, जे गेले ते कार्बोनेट.